देठाकडची चकती

दुधी चिरायला घेतला की आधी देठाकडची पातळ चकती काढायची आणि जिभेवर ठेवायची. गोडसर लागली तर दुधी पातेल्यात, कडू लागली तर उकिरड्यावर. म्हशीच्या पुढ्यातसुद्धा टाकायचा नाही. हे मला आईने नाही, आक्काने शिकवलं. माझी ही बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सहा-सात वर्षांची असताना तिने मुद्दाम कडू चकती माझ्या तोंडात घातली, आणि मी थुंकत अंगणभर पळाले तेव्हा पोट धरून हसली. "आता जलमात इसरायची न्हाईस," म्हणाली.

त्याच शिकवणीवर पुढे माझं पोट भरलं. खंडाळ्याला दरीच्या कडेच्या एका बंगल्यात निसर्गोपचाराचं केंद्र आहे. तिथलं स्वयंपाकघर मी नऊ वर्षं सांभाळते आहे. स्वयंपाकघर म्हणायचं एवढंच, शिजत तिथे काही नाही. सकाळी दुधीचा रस, अकराला गाजर-बीट, दुपारी पालक-काकडी, संध्याकाळी कारलं. मुंबई-पुण्याची माणसं पाच-पाच दिवस नुसते रस पिऊन राहतात, त्याला डिटॉक्स म्हणतात. आली की भरल्या पोटी, बूट-पट्ट्यासकट त्यांना वजनकाट्यावर उभं करायचं. जाताना मात्र सकाळी, अनशापोटी, पातळ कपड्यांत. अडीच-तीन किलो उतरलेले दिसले की टाळ्या वाजतात. तीच माणसं वर्षभराने तेवढंच वजन घेऊन परत येतात. घाट उतरायच्या आधी पहिल्याच टपरीवर वडापाव खाताना मी त्यांना पाहिलेलं आहे. मला हसू यायचं. आपल्या बापाचं काय जातं, असं मनाशी म्हणायची आणि पुढचा दुधी चिरायला घ्यायची. चकती मात्र प्रत्येकाची चाखायची, एकही सोडली नाही.

केंद्र चालवणारे आमचे सर संध्याकाळी पाहुण्यांना गोल बसवून बोलायचे. कारल्याचा पेला हातात घेऊन कुणी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "कडू लागतंय ना? म्हणजे आतली घाण सुटायला लागली. जितकं कडू, तितकी सफाई." नऊ वर्षांत ते वाक्य मला पाठ झालं होतं.

आक्काचं सासर पवनानगरच्या अलीकडे, घरची भातशेती. बाई अंगाने भारी, त्यात साखरेचा आजार, आणि गुडघे पार गेलेले. ऑपरेशन करायचं तर आधी साखर आटोक्यात आणा आणि दहा-बारा किलो वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन वर्षं तिला लावणीला वाकता आलं नव्हतं. "बांदावर खुर्ची टाकून बसते गं मी, पाव्हणीसारकी. बाया लावत्यात आन् मी बगते," असं सांगताना ती रडली होती. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. पडवीत सगळे बसले होते. तिने एकदम विचारलं, "तुज्या तितल्या रसानं खरंच वजन उतरतं का गं?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. पण मी नवऱ्याला सोडून आलेली, आमच्या नात्यागोत्यात माझ्या शब्दाला कधी किंमत नव्हती. त्या दिवशी दाजी कान देऊन ऐकत होते, आक्काची सून चहा घेऊन थांबली होती. पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होतं.

"उतरतं की," मी म्हणाले. "रोज सकाळी अनशापोटी पेलाभर दुधीचा रस. कच्चा. आणि रात्रीचं जेवण बंद." आणि वर, सरांच्याच सुरात, "कडू लागला तरी सोडायचा नाही, आक्का. जितकं कडू, तितकी घाण निघते."

ते कारल्याचं होतं, दुधीचं नव्हे. आक्काला दुधीतलं काय सांगायचं, असंही मनात आलं असेल. आता नीट आठवत नाही, आणि सोयीचं तेवढंच आठवावं असा मनाचा ओढा असतो, म्हणून माझा माझ्यावरच विश्वास नाही.

उन्हाळ्यापर्यंत तिचे चार किलो उतरले. रात्री उपाशी झोपल्यावर कुणाचेही उतरतील. तिला मात्र तो रसाचा गुण वाटला. फोनवर हसून म्हणायची, "तुजं आवशीद लागू पडलं बग." मी ते मान्य करायची.

मे महिन्यात बाजारातला दुधी संपला म्हणून तिने गोठ्यावरचा काढला. तो वेल कुणी लावलेला नव्हता, उकिरड्यातून आपोआप उगवून पत्र्यावर चढला होता. त्याचा रस प्यायली त्याच सकाळी नऊच्या सुमाराला दाजींचा फोन आला. "तुजी बहीन रगात वकतीया. तळेगावला नेतोय, लवकर ये."

मी लोणावळ्याहून लोकल धरून तळेगावला पोचले तोवर तिला सलाईन लावलं होतं. डॉक्टरबाई तरुण होत्या. काय खाल्लं, काय प्यायल्या, असं विचारत होत्या. दुधीचा रस म्हणताच त्यांनी विचारलं, "कडू होता का?" दाजींना माहीत नव्हतं. कडू दुधीत विष असतं आणि त्यावर उतारा नाही, सलाईन द्यायचं आणि वाट बघायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. रक्तदाब वर येत नव्हता. मी निर्लज्जासारखं विचारलं, "पण रसानं अंगातली घाण निघते ना?"

"ते काम लिव्हर आणि किडन्या करतात, मावशी. रस त्यात काय करणार? आणि यांच्या किडन्याच आता बंद पडत चालल्यात."

मला आधी राग आला तो आक्काचा. मला शिकवणारी ही बाई स्वतः चकती चाखायला विसरलीच कशी? बाहेरच्या बाकावर बसून मी मनात तिला शिव्या घातल्या. चूक तिची निघावी, असं मला फार वाटत होतं.

दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले तेव्हा मला आत सोडलं. तिचे ओठ फाटले होते. मी म्हटलं, "आक्का, चाखायचं इसरलीस व्हय गं?"

"चाकली व्हती," ती म्हणाली. "कडूजहर. टाकायलाच निगालते. मंग तुजं बोलणं ध्यानात आलं. म्हनलं, लय घाण साटली असंल माज्या अंगात. नाक दाबून आख्खा तांब्या पिले."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. जरा वेळाने तिने विचारलं, "काटा हाय का गं हितं? बग की किती उतरलं."

त्या वेळी तरी खरं सांगायला हवं होतं. तुझ्या अंगात कसलीही घाण नव्हती, मी मोठेपणासाठी बोलले, एवढंच. माझ्या तोंडून आलं, "लय उतरलंय, आक्का."

"मंग औंदा लावनीला उतरते," म्हणाली, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

यंदाची लावणी झाली. दाजींकडे अजून माणसं भेटायला येतात. काय झालं म्हणून विचारतात, आणि दाजी मान हलवत सांगतात, "चाकायचं इसारली बिचारी. सगळ्यांना शिकवायची आन् सोताच इसारली." बहुतेक वेळा मी तिथेच बसलेली असते. मी एकदाही म्हटलेलं नाही, की ती विसरली नव्हती.