विहिरीच्या काठावरचा उदास माणूस

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या मंडळींनी आमच्या गावात, सोनाळ्यात सिनेमा काढला. यंदा तो संग्रामपुरात दाखवला, आणि मी त्यात असल्यानं आम्हा नवराबायकोला मुद्दाम बोलावलं. सिनेमात कोणी बोलतच नाही. धुकं, बाभळी, एक कुत्रं, आणि मग कितीतरी वेळ विहिरीच्या काठावर पाठमोरा बसलेला मी.

नंतरच्या चर्चेत पाहुणे जाणकार भारावून बोलत होते. माझ्या पाठीत कोणाला एकटेपणा दिसला, कोणाला काळ. एकानं तर डोळे पुसत सांगितलं, हा माणूस मृत्यूची वाट पाहतोय. असल्यांना गुरांच्या डबक्यातही समुद्र दिसायचा.

बायको म्हणाली, "मौत काहाची? हे तं लाईनची वाट पाहून राह्यले होते."

तेवढंच होतं. वीज आली की मोटर लावून वांग्यांना पाणी द्यायचं होतं. ती आली, मी उठलो, पाणी धो धो पडलं आणि मी हसलोही. हे सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. मग सिनेमात का नाही, असं मी दिग्दर्शकाला विचारलं.

तो म्हणाला, "त्या पाण्यानं वातावरण बिघडत होतं."