पितळेत बुडालेला नंबर

मोटरसायकलचं नोंदणी-पुस्तक ठिणगीनं जळलं, आणि ती ठिणगी तिच्याच हातची होती. नवरा गेल्यावरचं ते पहिलं मोठं काम, एका गोदामाच्या दाराच्या बिजागऱ्या. दुकानात उभ्या उभ्या जोड देताना एक ठिणगी उडाली ती थेट टेबलाच्या उघड्या खणात, चिंध्यांवर. चिंध्यांखाली गाडीचं पुस्तक होतं, खरेदीची पावती होती. आग विझली तेव्हा खणात काळा पापुद्रा उरला होता. त्यावर नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर अजून दिसत होतं. ते नीट बघावं म्हणून ती वाकली, आणि तिच्या श्वासानंच ते गेलं.

त्याला अकरा वर्षं झाली. तिला सगळे वेल्डरबाई म्हणतात. वय चौपन्न, डावी भुवई अर्धीच, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाळीएवढे पांढरे डाग. मोटरसायकलच्या मागच्या कॅरिअरला छोटं वेल्डिंग मशीन बांधायचं आणि बोलावणं येईल तिथं जायचं: कुणाचं फाटक, कुणाचा जिना, कुणाचा मोडका पलंग. दुकान तिनं कधीच सोडलं. भाडं परवडत नव्हतं हे एक, आणि चार भिंतींत तिचं मन रमत नव्हतं हे दुसरं. आता गाडी हेच दुकान.

मग वाहन कार्यालयाची नोटीस आली. जुन्या गाड्यांची नव्यानं नोंद करा. महिनाअखेरपर्यंत मालकी सिद्ध झाली नाही तर गाडी जमा होईल आणि कापली जाईल. कापणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं आयुष्यभर लोखंड कापलं होतं.

तीन नंबरच्या खिडकीतल्या कारकून बाईंनी तिचा अर्ज उलटापालटा करून बघितला.

"पुस्तक नाही. मग गाडी तुमची कशावरून?"

"मी चालवते."

"चालवणं म्हणजे मालकी नव्हे, बाई."

"मग मालकी कशाला म्हणतात ते सांगा. तसं करते."

कारकून बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या. उठून तळघरात गेल्या, अर्ध्या तासानं एक जाडजूड रजिस्टर छातीशी धरून वर आल्या. नोंद सापडली होती. गाडी नवऱ्याच्या नावावर होती. त्याच्या घरच्यांपैकी एकानं सही केली की ती बायकोच्या नावावर चढू शकत होती. फक्त गाडीवरचा चासी नंबर रजिस्टरातल्या नंबराशी जुळला पाहिजे. तो तपासायचं काम मागच्या अंगणातल्या निरीक्षकांचं.

सहीसाठी नणंद आली होती, नवऱ्याची धाकटी बहीण. ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि ते तिनं सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं.

निरीक्षकांनी हँडलखालच्या नळीवरचा, गाडीच्या मानेवरचा रंग नाण्यानं खरवडला. तिथं नंबर ठोकलेला असतो. तिथं काहीच नव्हतं. गुळगुळीत.

"नंबर घासून काढलाय," ते म्हणाले आणि अर्जावर लाल फुली मारली. "चोरीच्या गाड्यांचा असाच काढतात. उद्या शेवटचा दिवस. उद्या गाडी इथंच जमा करा."

ती नळीवरून अंगठा फिरवत राहिली.

फाटकाबाहेर घडीचं टेबल टाकून एक एजंट बसत असे. लाल फुलीचा कागद तो लांबूनच ओळखायचा. "मावशी, एवढं काय मनाला लावून घेता? नंबर नाही ना, मग ठोकून घ्या. आकडे ठोकायच्या पंचांचा सेट माझ्याकडं आहे. दहा मिनिटांचं काम."

"पंच माझ्याकडंही आहेत," ती म्हणाली.

"मग अडलंय कुठं?"

घरी आल्यावर नणंदेनंही तेच विचारलं. "वहिनी, रजिस्टरातला नंबर मी लिहून आणलाय. आठ आकडे. तुम्ही डोळे मिटून ठोकाल. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही, मी कुणाला सांगणार नाही."

"जी चोरी मी केली नाही, तिचा पुरावा मीच ठोकून देऊ?"

"आमच्या दादानं बायको केली की ऐरण आणली, कोण जाणे," नणंद म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

वेल्डरबाई जमिनीवर गाडीपाशी बसली. नंबर कुठं गेला हे तिला अंगणातच आठवलं होतं. सोळा वर्षांपूर्वी मशीनच्या ओझ्यानं ही मान तडकली होती. नवऱ्यानं गॅसवर पितळ वितळवून भेग भरली. पितळ पाण्यासारखं पसरलं, ठोकलेल्या आकड्यांवरूनही गेलं. दुसऱ्या कुणाकडं गाडी असती तर जोड तसाच ओबडधोबड राहिला असता आणि कडेचे दोन-चार आकडे तरी डोकं वर काढून राहिले असते. पण कानस चालवायचं काम तिचं होतं, आणि तिला जोड दिसलेला खपत नसे. तीन संध्याकाळी ती घासत बसली होती. नवरा म्हणाला होता, पुरे आता, मोडली होती हे गाडीलाही आठवायचं नाही. तिला त्याचा अभिमान वाटला होता. तेव्हा नंबराकडं दोघांपैकी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

चांगलं काम आपोआप लपतं. वाईट काम साक्ष देत उभं राहतं. हे तिला त्या रात्री कडू लागलं, पण खोटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती गाडी घेऊन तपासणीच्या रांगेत पहिली उभी होती. मागच्या सीटवर नणंद, मांडीवर हत्यारांची पिशवी.

"जमा करायला आणली?" निरीक्षकांनी विचारलं.

"दाखवायला आणली. नंबर मी काढलेला नाही. बुडवलाय. वर पितळेचा कागदाएवढा थर आहे. तो घासला की आकड्यांच्या खाचांत भरलेलं पितळ तेवढं उरेल. लोखंड करडं, आकडे पिवळे."

"मग घासून आणायचं होतं घरून."

"घरून आणलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घरी बनवलं. तुमच्यासमोर घासते."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं."

ती गुडघे टेकून बसली. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, तेलाचा थेंब टाकून. ती जोर लावत नव्हती. हात पुढं जाताना घासायचा, मागे येताना उचलायचा. पिवळी भुकटी तिच्या बोटांवर साचत होती. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून आला आणि कमरेवर हात ठेवून बघू लागला.

"बाई दात घासतायत की काय गाडीचे?"

"तुझे घासायचे असतील तर रांगेत थांब," नणंद म्हणाली.

पहिला आकडा पाच निघाला. करड्या लोखंडात पिवळा, लहान, किंचित तिरका. कारखान्यातल्या कुण्या अनोळखी माणसानं ठोकताना त्याचा हात जरासा कलला असणार. मग शून्य. मग दोन. निरीक्षक रजिस्टर उघडून जवळ आले आणि त्यांनी नकळत गुडघा टेकला. सात आकडे निघाले. साती जुळले.

आठवा निघाला नाही. तडा नेमका त्यातून गेला होता. तिथं लोखंडच नव्हतं, नुसती पितळेची जाड रेघ होती.

"शेवटचा चार आहे रजिस्टरात," निरीक्षक हळू आवाजात म्हणाले. "थोडी टोकदार कानस मारा. दोन रेघा. मी तोवर तिकडं बघतो."

खरं तर हे ते तिच्या भल्यासाठी बोलत होते. नणंदेनं पिशवीतून टोकदार कानस काढूनही दिली. वेल्डरबाईनं ती घेतली आणि परत पिशवीत ठेवली.

"नाही मारणार."

"अहो, मग मी लिहू काय?"

"दिसतं ते."

"रकान्यात आठ आकडे लागतात. एक कमी असेल तर वर मला विचारतील."

"विचारू द्या की. मलाही काल विचारलंत. मी चोर आहे का ते."

टेम्पोनं हॉर्न दिला. त्याच्या मागून आणखी दोघांनी दिला. ती उठली, हात पुसले, किल्ली काढून ब्लाउजमध्ये टाकली आणि गाडीवर बसली. नणंद तिच्या मागे चढून बसली.

"गाडी बाजूला घ्या."

"लिहा, मग घेते. नाहीतर इथंच कापा. गॅस कटर आहे का तुमच्याकडं? नसेल तर माझा मागवते. पण आम्ही दोघी उतरणार नाही."

"मी आजही अर्ध्या दिवसाच्या रजेवर आहे," नणंद म्हणाली, "पण पूर्ण काढीन."

निरीक्षकांनी हॉर्न देणाऱ्या रांगेकडं पाहिलं. मग त्यांनी अर्ज गाडीच्या टाकीवर ठेवला, कालच्या लाल फुलीवर आडवी रेघ मारून बाजूला सही केली आणि शेऱ्यात लिहू लागले. ती ते उलट्या बाजूनं वाचत होती. सात आकडे जुळतात. आठवा भेगेत गेला आहे. दुरुस्ती जुनी.

"कुणी केली ते लिहा," ती म्हणाली.

"त्याला रकाना नाही."

"समास आहे."

त्यांनी मान वर केली. तिच्या अर्ध्या भुवईकडं पाहिलं, पिवळ्या बोटांकडं पाहिलं. मग समासात, बारीक अक्षरात लिहिलं: दुरुस्ती मालकानं स्वतः केली.

ती ओळ तिनं दोनदा वाचली. कागद उचलू दिला नाही. बोट समासावर ठेवून म्हणाली, "शिक्का इथंही मारा."