आबांच्या दंडावरचा पहारा

आमच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूला पहिला हात दादाचा लागतो. त्याचा हातगुण चांगला, हे आईनं कधीच ठरवून टाकलंय. बोअर मारताना नारळ त्यानं फोडला आणि पाणी लागलं, तेव्हापासून या विषयावर बोलायची सोय उरली नाही. म्हणून आबांच्या दंडावर साखर मोजणारी चकती बसवायचं ठरलं, तेव्हाही फौजेतला दादा सुट्टीवर कोरेगावला येईपर्यंत डबी देवापुढे पडून राहिली.

चकती रुपयाएवढी. दंडाला चिकटवायची, फोन जवळ नेला की साखरेचा आकडा दिसतो, रोज बोट टोचायला नको. दादानं ती बसवली, स्वतःच्या फोनवर सुरू केली, आईनं बापलेकांना ओवाळलं. सुट्टी संपली तसा दादा तोच फोन खिशात घालून सीमेवर निघून गेला.

शनिवारी मी सांगलीहून माहेरी गेले आणि माझा फोन आबांच्या दंडाजवळ नेला. ही चकती दुसऱ्या फोनवर सुरू केलेली आहे, असं उत्तर आलं. पुन्हा नेला, पुन्हा तेच. दुकानदाराला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ज्या फोननं तिला पहिल्यांदा जागं केलं, त्याच्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही. परक्यानं येता-जाता कुणाची साखर बघू नये म्हणून ही खबरदारी. पोटची पोर परकी! माझं टाळकंच सरकलं.

"आवं आबा, ही काढू. दुसरी लावू, माझ्या फोनवर."

आबा मात्र खूश. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. परवलीचा शब्द सांगता आला नाही म्हणून स्वतःच्या साहेबाला त्यांनी गेटवर थंडीत उभं केलं होतं. हा किस्सा आम्ही जेवताना कितीदा ऐकलाय.

"बराबर करतीया ती," ते म्हणाले. "वळख पटल्याबिगर आत सोडायचं न्हाई. साहेब असूदे न्हाईतर लेक."

"पण आकडा दिसणार कुणाला?"

"ती बघतीया न्हवं? पहाऱ्यावर हाय ती."

आईचं वेगळंच. पोराच्या हातानं लावलेली चकती पंधरा दिवसांची मुदत भरल्याबिगर काढायची न्हाई. बोट टोचायचं जुनं यंत्र तर तिनं आधीच चुलतीला देऊन टाकलेलं. मी चिडून त्याच संध्याकाळी नवं आणून ठेवलं. ते खोक्यातून बाहेर निघालंच नाही.

पुढे संकष्टी आली. एरवी उपासाच्या दिवशी आबा बोट टोचून बघायचे आणि साखर उतरलेली दिसली की गुळाचा खडा तोंडात टाकायचे. या वेळी रोजचं इन्सुलिन घेतलं आणि काही न खाता उसाला पाणी द्यायला गेले. दंडावर पहारा होता ना! दुपारच्या चहाला आले नाहीत म्हणून आई बघायला गेली, तर बांधावर पडलेले. शुद्ध नव्हती.

साताऱ्याच्या दवाखान्यात नर्सनं बोट टोचलं. मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला, असं डॉक्टर म्हणाले. त्या चकतीला सकाळपासून सगळं कळत होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. मीच ती दंडावरून उपटून काढली. निर्जीव वस्तूवर कसला राग धरतेस, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. मला अजून येतो.

आबा वाचले. चालतात, जेवतात. परवा मी गेले, तर दारात तेच उभे होते, चौकटीला आडवा हात लावून.

"कोन हाय?"

"आबा, मी. तुमची लेक."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चेहरा कडक, पण आवाज नीट.

"लेक सांगलीला असती आमची," ते म्हणाले. "ती आल्याबिगर कुणाला आत सोडत न्हाई."