फट दिसेल अशी जागा

ज्या मुलीला मी चुकीचा पाचवा फाऊल दिला, ती आमच्याच सेक्टरमध्ये राहते. दुसऱ्या गावच्या पंचाचं बरं असतं, सोमवारी सकाळी त्याला तोंड लपवावं लागत नाही. मला दूध आणायला जाताना तिच्या प्रॅक्टिसच्या कोर्टावरूनच जावं लागतं. पुढचे तीन महिने मी दूध लांबच्या दुकानातून आणलं आणि बायकोला सांगितलं, की तेवढंच चालणं होतं.

मी बास्केटबॉलचा पंच. पोटापाण्यासाठी तुर्भ्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. ट्रक फलाटाला लावून घ्यायचे, माल उतरवून घ्यायचा. शिट्टी फक्त शनिवार-रविवारची. शाळेत खेळायचो, पुढं उंचीनं दगा दिला, मग खेळाच्या जवळ राहायला एवढा एकच रस्ता उरला. बरीच वर्षं इथल्या शाळा-कॉलेजांचे सामने घेतले. माझा आवाज मोठा, हात झटकन वर जातो आणि एकदा शिट्टी वाजवली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. यालाच चांगला पंच म्हणतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तो सामना मुलींच्या जिल्हा स्पर्धेची सेमीफायनल होता, जुईनगरला, सकाळी अकराच्या उन्हात. शेवटचं दीड मिनिट उरलं होतं आणि या मुलीची टीम एका गुणानं मागं होती. ती कॅप्टन. तिच्या नावावर चार फाऊल लागलेले. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. तिनं समोरच्या टीमचा पास मधल्या मधे उचलला आणि एकटीच रिंगकडं सुटली. आडवी यायला समोर एकच मुलगी होती, ती मागं मागं सरकत होती.

अशा वेळी पंचानं पळत सगळ्यांच्या आधी रिंगखाली पोचायचं असतं. मी चाळिशी ओलांडलेला, दोन सामने आधीच अंगावर घेतलेले. मी तिच्या पाठीमागून धापा टाकत येत होतो. मला तिची पाठ दिसली, पाठीवरचा नंबर दिसला, आणि समोरची मुलगी धाडकन मागं पडलेली दिसली. मी शिट्टी वाजवली. हिनं धडक दिली, फाऊल हिचा. पाचवा.

ती रडली नाही, हातवारे केले नाहीत. चेंडू खाली ठेवून माझ्यापाशी आली आणि अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "सर, तुम्ही कुठून बघितलं?"

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस. बाहेर बस."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कारण मी काही बघितलंच नव्हतं. पडताना बघितलं होतं, उरलेलं मनानं जोडलं होतं. त्यांची टीम हरली. संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी पालकानं बाजूनं काढलेला व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यात दोघींच्या मधे चांगली वीतभर फट दिसत होती. मागं सरकताना त्या मुलीचा पायच घसरला होता. मी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला. दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी धक्का लागेल. लागला नाही.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे शाळेत मला पीटीला होत्या त्या. उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या, आता निवृत्त. त्यांच्या काळात बाईमाणसानं हाफ पँटवाल्या पोरांत शिट्टी घेऊन पळणं घरीदारी कुणालाच पसंत नव्हतं, पण बाई पळाल्या. आजही डोक्यावरची ओढणी पिनांनी घट्ट बसवलेली आणि पायात पांढरे बूट. जिल्ह्यातले पंच तपासायचं काम त्यांच्याकडं आहे. मी त्यांच्यापुढं बसलो तेव्हा त्यांनी व्हिडिओचा विषयही काढला नाही. नुसता हात पुढं केला.

"शिट्टी दे."

मी दिली. त्यांनी ती पर्समध्ये टाकून चेन ओढली. "तीन महिन्यांनी एक सामना देईन. मी बघायला बसेन. जमलं तर शिट्टी परत, नाही जमलं तर घरी पोराला क्रिकेट शिकव. आणि एक लिहून ठेव. दिसलं तेच वाजवायचं. वाटलं ते वाजवायचं नाही."

खरं सांगतो, राग आला. एवढ्या वर्षांच्या उन्हातान्हाची हीच किंमत का, असं वाटलं. घरी आलो तर बायकोनं पुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "बाईंचं बरोबरच हाय. त्या पोरीला तुमी उत्तर पन दिलं नाय." आमच्या घरात मला एवढा पाठिंबा कायमच मिळतो.

मग दर रविवारी बाई मला कुठल्या तरी सामन्याला घेऊन जायच्या. पायरीवर बसवायच्या आणि सांगायच्या, चेंडूकडं बघू नकोस. हे ऐकायला सोपं आहे. तुम्ही एकदा करून बघा. चेंडू उजवीकडं गेला की मान उजवीकडं जातेच. सामना संपला की बाई विचारायच्या, "निळ्या टीममधली कोण लंगडत होती? चार नंबरनं कुणाचा टी-शर्ट धरला होता?" मला फक्त स्कोअर माहीत असायचा.

"स्कोअर टेबलवाले लिहितात," बाई म्हणायच्या. "तुला कशाला हवा?"

दीड महिना असाच गेला. लंगडणारी मुलगी मला आता दिसायला लागली होती, धरलेला टी-शर्टही कधीकधी. पण दोघी एकमेकींवर आदळल्या की माझं पुन्हा पहिल्यासारखंच व्हायचं. बाई हळूच विचारायच्या, "कुणाचा?" मी ठोकून द्यायचो. निम्म्या वेळी चुकायचो. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. एका रविवारी लोकलनं परत येताना मी बाईंना म्हणालो, की नजर ही जन्मजात गोष्ट असणार, माझ्यात ती नाही, उगाच तुमचे रविवार जातायत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या आठवड्यात बाई अचानक तुर्भ्याला गोडाऊनवर आल्या. तीन महिन्यांनंतरचा तो सामना म्हणजे माझी चाचणी, तिच्या फॉर्मवर माझी सही हवी होती आणि मला रजा नव्हती. त्या आल्या तेव्हा मी तळोज्याहून आलेला मोठा कंटेनर फलाटाला लावून घेत होतो. ड्रायव्हर नवीन होता. आवारात आधीच तीन गाड्या, मधे जेमतेम जागा. मी "आने दो, आने दो" करत त्याला मागं घेतलं, एकदा थांबवलं, पुढं पाठवलं, पुन्हा तिरका घेतला आणि फलाटाच्या रबरापासून दोन बोटांवर आला तेव्हा पत्र्यावर थाप मारली. बस.

मागं वळलो तर बाई सावलीत उभ्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"तू त्या कोपऱ्यात का उभा होतास?" त्यांनी विचारलं. "सरळ गाडीच्या मागं का नाही?"

मला प्रश्नाचं हसू आलं. "सरळ मागं उभं राहिलं तर नुसतं गाडीचं दार दिसतं, बाई. फलाटाला किती अंतर उरलंय ते बाजूनंच कळतं. इथून फट दिसते."

"गाडी सरकली की?"

"मीपण सरकतो. फट दिसत राहायला हवी ना."

बाईंनी फॉर्म पुढं केला, मी सही केली, पेन परत दिलं. मग त्या म्हणाल्या, "आणि त्या दिवशी कोर्टावर कुठं उभा होतास?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. रोज दहा-बारा गाड्या मी फट बघून लावतो. एकही फलाटावर आदळू दिली नाही. गाडीकडं बघायचं नाही, गाडी आणि फलाट यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघायचं, हे मला झोपेतही कळतं. आणि कोर्टावर गेलो की मी खेळाडूच्या पाठीमागं उभा राहून पाठच बघत होतो. मला तिथल्या तिथं लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. नजर नसती तर काही इलाज नव्हता. जागाच चुकत असेल तर पाय आपलेच आहेत.

पुढचा दीड महिना मी पाय चालवले. सकाळी सेक्टरच्या रस्त्यावर धावलो, म्हणजे रिंगखाली वेळेवर पोचता यावं. आणि कुठंही दोन माणसं समोर दिसली की बाजूला सरकून त्यांच्या मधली फट शोधायची सवय लावून घेतली. भाजीवाली आणि गिऱ्हाईक, लिफ्टसमोर उभे असलेले शेजारी, कुणीही. मुलगा आणि त्याची आई वाद घालत होते तेव्हाही मी दोन पावलं डावीकडं झालो. बायको वाद सोडून माझ्याकडं बघायला लागली. "आवो, तुमचं काय चाल्लंय? डोसक्यावर पडलाव काय?" रविवारी पायरीवरून उठून मी आता कोर्टाच्या कडेनं फिरायचो. बाई विचारायच्या "कुणाचा?" आणि मला चक्क दिसलेलं असायचं. जिथं दिसलेलं नसायचं तिथं "नाही दिसलं" म्हणायला शिकलो. ते सगळ्यात अवघड होतं.

चाचणीच्या दिवशी बाईंनी पर्स उघडून शिट्टी हातात ठेवली आणि मग सांगितलं, कुठल्या टीमचा सामना आहे ते. तीच मुलगी, तीच टीम. मुद्दाम केलं का, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही. सामन्याआधी हात मिळवताना ती मुलगी "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली.

सामना चांगला झाला. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा तिची टीम एका गुणानं मागं होती. तिनं चेंडू घेतला आणि निघाली. समोर एक उंच मुलगी. मी आधीच रिंगखाली पोचलो होतो, आणि समोरून दोघी एकीमागं एक झाकल्या जातायत असं दिसताच डावीकडं सरकलो, खांबाच्या पलीकडं, कुणाची तरी पिवळी पाण्याची बाटली ठेवलेली होती तिथंपर्यंत. तिथून मला दोघींच्या मधली फट दिसली. उंच मुलीचे दोन्ही पाय जमिनीला घट्ट. कॅप्टनचा उजवा खांदा खाली आला, फट मिटली, खांदा थेट छातीवर बसला. त्यानंतर चेंडू तिच्या हातातून सुटला आणि रिंगमध्ये गेला.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात आलं, जाऊ दे. या पोरीवर एकदा अन्याय केलाय, आता एकदा डोळेझाक केली की फिट्टंफाट. लोकही टाळ्या वाजवतील. पण दिसलं होतं. दिसलं तेच वाजवायचं, या वाक्याचा मी तीन महिने अर्धाच अर्थ घेतला होता, की न दिसलेलं वाजवायचं नाही. दिसलेलं वाजवायलाच लागतं, हा उरलेला अर्धा.

मी शिट्टी वाजवली. फाऊल तिचा, बास्केट रद्द.

पालकांच्या बाजूनं ओरडा उठला. "पुन्हा तोच! पुन्हा तिलाच!" ती चेंडू ठेवून माझ्याकडं आली, तशीच, धापा टाकत.

"सर, तुम्ही कुठून बघितलं?"

"तिथून," मी बोट दाखवलं. "पिवळी बाटली आहे तिथून. तुझा उजवा खांदा. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते."

तिनं बाटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं, या वेळी सरळ तोंडाकडं. आणि टेबलाकडं वळून स्वतःचा हात वर केला, फाऊल मान्य केल्याचा.

त्या एका गुणानं हरल्या. मला फार वाईट वाटलं आणि तरी त्या रात्री जेवण नीट गेलं. सामना संपताच बाईंनी विचारलं होतं, "पांढऱ्या टीममधली कोण लंगडत होती?" मी म्हणालो अकरा नंबर. "नऊ," बाई म्हणाल्या, "पण शिट्टी ठेव." मी सामान आवरत होतो तेव्हा ती मुलगी एकटीच त्या बाटलीपाशी जाऊन उभी राहिलेली दिसली. रिंगकडं बघत होती. तिला काय दिसलं ते मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी मी जवळच्या दुकानातून दूध घेतलं. कोर्टावर ती एकटीच होती. मी मान खाली घालून निघालो होतो, तर मागून हाक आली.

"सर, पाच मिनिटं आहेत? मी पळत येऊन बास्केट मारते. तुम्ही बाजूला उभे राहा आणि सांगा, खांदा पडतोय का."

मी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि फट दिसेल अशा जागी जाऊन उभा राहिलो.