नानांची लॉरी आणि मी लिहिलेलं पत्र

बाळांनो,

तुमचं पत्र मिळालं. तुमचे बाबा पुढच्या महिन्यात नोकरीतून मोकळे होणार आणि मग ट्रक चालवायला शिकणार, हे वाचलं. "आजी, ते तुझंच ऐकतात, तू त्यांना एक कडक पत्र लिही," असं तुम्ही दोघांनी लिहिलं आहे. त्याला मी अजून काही लिहिलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिते आहे, कारण असं एक पत्र मी पूर्वी एकदा लिहून बसले आहे. त्याचं काय झालं ते तुमच्या बाबालाही ठाऊक नाही.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, यांना आम्ही नाना म्हणत असू. ते अमरावतीला सरकारी शाळेत हेडमास्तर होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे नानांच्या पेन्शनचे कागद नागपूरहून आले. पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि राजापेठेतल्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले. तीन महिने बसले. चौथ्या महिन्यात त्यांनी आईला सांगितलं, "मी मोटार शिकतो आहे." आईला वाटलं, मोटारीत बसायला शिकत असतील.

लढाईचे दिवस होते. चांगले ड्रायव्हर फौजेत गेले होते आणि लॉरीवाल्यांना माणूस मिळत नव्हता. नानांनी लायसन काढलं, आणि अकोल्याच्या एका लॉरीमालकानं त्यांना ठेवून घेतलं. काम असं होतं, अकोटच्या जिनिंग-प्रेसिंगमधून कापसाच्या गाठी अकोला स्टेशनावर पोचवायच्या. अकोटला तेव्हा रेल्वे नव्हती. मालकानं अट मात्र रोखठोक घातली. "मास्तर, संक्रांतीपर्यंत पाहू. दुसऱ्या गाड्यांइतक्या खेपा झाल्या तं गाडी तुमच्याकडं, नाही तं मी दुसरा माणूस पाहतो." नानांना ती अट आवडली. परीक्षेसारखी आहे म्हणाले.

पेट्रोल मिळत नसल्यानं लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले. मागे बंबासारखी एक टाकी बसवलेली होती. सकाळी ती पेटवायची, वारा घालायचा, आणि अर्ध्या तासानं इंजिन खोकू लागायचं. नाना धोतर, कोट आणि काळी टोपी घालून हे सगळं करत.

मी त्या वर्षी बी.ए. झाले होते आणि माझ्या लग्नाचं चाललं होतं. एका रविवारी मला पाहायला मंडळी आली. आई त्यांना म्हणाली, "मुलीचे वडील पेन्शनर आहेत, बाहेरगावी गेलेत." पोहे निम्मे झाले असतील नसतील, दारात लॉरी येऊन थांबली. अमरावतीचा माल मिळाला म्हणून नाना घरी डोकावले होते. तोंड कोळशानं काळं, टोपीवर कापूस.

मुलाच्या आत्यानं विचारलं, "हे कोण?"

"आमचे हे," आई म्हणाली. "हौस आहे त्यांना."

"हौस?" आत्याबाई म्हणाल्या. "हौस म्हणून लोक सतार वाजवतात हो!"

नानांनी हात धुतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि लॉरीतल्या गॅसची रचना समजावून सांगायला बसले. चार दिवसांनी नकार आला.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. अमरावतीला बदली होण्याआधी नाना बरीच वर्षं अकोटच्या शाळेत होते. जिनिंगचा मॅनेजर त्यांचाच विद्यार्थी. त्याला मी स्वच्छ इंग्रजीत कळवलं की आमचे वडील वयानं थकले आहेत, कुणाचं ऐकत नाहीत, तरी त्यांना जाणवू न देता त्यांचं काम जितकं कमी करता येईल तितकं करावं. पत्र मी दोनदा वाचलं. मला ते फार चांगलं वाटलं.

नाताळच्या सुमारास आईनं मला नानांना गरम कपडे द्यायला अकोटला पाठवलं. जिनिंगच्या फाटकाबाहेर सात-आठ लॉऱ्या रांगेत उभ्या होत्या. जिचा नंबर येई ती आत जाई. नानांच्या लॉरीपाशी त्यांचा क्लीनर विडी ओढत बसला होता. हिवरखेडचा हा माणूस नानांच्याच वयाचा होता. मी कोण ते कळल्यावर त्यानं विडी टाकली.

"ताई, बरं झालं तुमी आल्या. मास्तरले काई सांगा. रोज असंच होऊन राहिलं. आपला नंबर आला का त्याइले हापिसात बोलावते, चहा पाजते, अन् मांगची गाडी पुढं घुसते. कावून असं, इचारलं तं म्हणते, गुरुजीले तरास नोको. आपली गाडी का गणपती हाय, मांडून ठेवाले?"

मी आत गेले. नाना ऑफिसात मॅनेजरच्या स्वतःच्या खुर्चीत बसले होते आणि मॅनेजर हात बांधून उभा होता. समोर चहा.

"अरे, माझा नंबर लागला आहे," नाना म्हणत होते.

"तुम्ही बसा हो गुरुजी. माल कुठं पळून राहिला? पहिले चहा घ्या."

"काल तू हेच म्हणालास. दुपार गेली माझी."

"दुपारचं ऊनही फार राहते गुरुजी."

खिडकीतून दिसत होतं. एक लॉरी भरून गेली, मग दुसरी. आलेला चहा न घेता उठणं म्हणजे विद्यार्थ्याच्या तोंडावर त्याचा अपमान, आणि नानांना ते जमत नव्हतं. ते कप उचलत, ठेवत, खिडकीबाहेर बघत. शाळेत ज्यांच्या एका नजरेला वर्ग गप्प होत असे त्या माणसाला कुणी रांगेत उभंही राहू देत नव्हतं. इंजिन सुरू करायचं हँडल हमाल त्यांना मारू देत नसत. वजनकाट्यावरचा माणूस पाया पडे आणि त्यांचा कागद सावकाश, मान राखून, सगळ्यांत शेवटी करी. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती.

मला सगळं कळलं. मी मॅनेजरला व्हरांड्यात बोलावून म्हटलं, "हे थांबवा."

तो गोंधळला. "ताई, तुम्हीच तर लिहिलं होतं. मी सगळ्यांना तसं सांगून ठेवलं आहे."

नाना मागे दारात उभे होते. "काय लिहिलं होतं?"

मॅनेजरनं खिशातून पत्र काढलं आणि दिलं. गुरुजींनी मागितल्यावर तो दुसरं काय करणार? नानांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. मग त्याला म्हणाले, "तुला मी चौथीत बाकावर उभं करत असे. आठवतं?"

"आठवतं, गुरुजी."

"तेव्हा तू उभा राहायचास. आता मला रांगेत उभा राहू दे."

त्या दिवशी हँडल त्यांनी स्वतः मारलं. आमचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. गाठी भरून आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो, मी मध्ये आणि क्लीनर दाराशी. पूर्णा नदी मागे पडली.

"त्या सोयरिकीसाठी लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तसं लिहायचं होतंस. काळजी कशाला लिहिलीस?"

क्लीनर बाहेर बघू लागला.

पुढचे तीन आठवडे त्यांना कुणी चहाला बोलावलं नाही. दुसऱ्या गाड्यांइतक्या खेपा त्यांनी रोज केल्या. एक-दोनदा जास्तही केल्या. पण मागच्या भरून निघाल्या नाहीत. संक्रांतीला मालकानं गाडी दुसऱ्याला दिली. क्लीनर मालकाशी भांडला, "मास्तराचा गुना नाई यात," म्हणाला. मालक म्हणाला, "गुना कोनाचाबी असो, खेपा कमी हायेत." नानांनी क्लीनरला तोडून सांगितलं, "अट ती अट." कमी का पडल्या, हे त्यांनी मालकाला सांगितलं नाही. आईलाही सांगितलं नाही.

ते राजापेठेत परत आले आणि पुन्हा ओसरीवरच्या खुर्चीत बसले. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. सासरच्यांनी वडिलांविषयी विचारलं तेव्हा मी सांगितलं की ते लॉरी चालवत होते. कुणी काहीच म्हटलं नाही. मग कशासाठी केलं मी ते, या विचारानं अजूनही माझी चिडचिड होते. एवढ्या वर्षांत ती कमी झालेली नाही.

म्हणून कडक पत्र मी लिहिणार नाही, सौम्यही नाही. तुमच्या बाबाचे डोळे तपासून घ्या. ट्रक कसा चालतो ते त्याला विचारा आणि तो सांगेल तेवढं ऐका. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा, लाज वाटत असेल तर लाज वाटते म्हणा. पण त्याच्या पाठीमागे त्याच्या शिकवणाऱ्याला किंवा कंपनीला एक ओळही पाठवू नका.

नाना त्यानंतर अकरा वर्षं जगले. लॉरी पुन्हा कधी मिळाली नाही, पण लायसन ते दर वर्षी नवं करून आणत. ते लायसन माझ्या कपाटात आहे, शेवटच्या वर्षाच्या शिक्क्यापर्यंत. त्याच्या घडीत माझं पत्रही त्यांनी ठेवलं होतं. तेही आहे.