मामाजी, ब्रेक दाबता का?

गाडी चालवताना माझ्या सासऱ्यांना दोन्ही हात मोकळे लागतात.

हे मला कळलं तेव्हा गाडी चालू होती, सासरे ती चालवत होते आणि त्यांना शिकवणारी मी होते. शिकवणारी म्हणजे अगदी रीतसर! ड्रायव्हिंग शिकवण्याची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. आमच्या धामणगाव बढ्यात चार दिवस दुसरा विषय नव्हता (विषय मीच काढत होते). बुलढाण्याच्या एका ड्रायव्हिंग क्लासला बायकांना शिकवायला बाई हवी होती. क्लासचे मालक म्हणाले, "सर्टिफिकेट ठीक हाये बाई, पण मले तुमचं शिकवणं पाह्यचं हाये. एक माणूस तयार करा. पंधरा दिवसांनी मी मांगच्या सीटवर बसतो. त्यानं गाडी नीट चालवली, तर तुमी पक्क्या." आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा क्लच-ब्रेक असलेली एक म्हातारी गाडी त्यांनी माझ्या हवाली केली.

मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. 'बाईमाणसाले गाडीतलं काय समजते' हे बारा वर्षं ऐकून माझे कान किटले होते.

पण शिकायला कोणी तयार होईना! मी नवऱ्याला गळ घातली.

"मले येते ना गाडी."

"येत नाही असं समजून बसा."

"तुह्याजवळ? मले बीपी हाये!" (त्यांना बीपी नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मात्र होता.)

शेवटी सासरे, म्हणजे आमचे मामाजी, आपणहून उठले. "मी शिकतो. सुनेची नोकरी अडून राह्यली अन् मी काय खाटेवर बसून पाहू?" मला भरूनच आलं. वय त्रेसष्ट, नजर ठणठणीत, लर्निंग लायसनही झटक्यात मिळालं.

अडचण एकच होती. मामाजी सोयरिकी जुळवतात. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत त्यांनी जमवलेली जोडपी नांदताहेत, त्यामुळे रस्त्यावरचा दर तिसरा माणूस त्यांना "रामराम भाऊ!" करतो. आणि मामाजी रामराम घेतात तो दोन्ही हात जोडून, मान लववून, डोळे मिटून!

पहिल्याच दिवशी वेशीपासून बाजारापर्यंत अकरा रामराम झाले. अकरा वेळा मी झडप घालून स्टेअरिंग धरलं.

"मामाजी, एका हातानं केला तर नाही का चालणार?"

"एका हातानं? लोक म्हणतीन, गाडीत बसला अन् बुढा माजला!"

"मग नुसती मान हलवा."

मान हलवली. टोपी डोळ्यांवर आली. आम्ही एका गोठ्यात गेलो.

मग मी सुचवलं, की रामरामाच्या जागी हॉर्न द्यावा. ते त्यांनी मनापासून केलं. संध्याकाळी त्यांनीच जुळवून दिलेले तीन व्याही घरी हजर! "भाऊ, आमी रामराम केला, तुमी आमाले हाड्‌ केलं! काऊन? काही चुकलं का आमचं?" त्यांची समजूत घालता घालता चहाचं पातेलं दोनदा चढवावं लागलं.

शिवाय मी पडले सून. परक्या माणसाला 'ब्रेक मारा!' म्हणून ओरडता येतं. सासऱ्यांना कसं ओरडायचं? मी म्हणायची, "मामाजी, समोर शेळी आहे, तेवढा ब्रेक दाबता का?" एवढं अदबीचं वाक्य संपेपर्यंत शेळी आपली आपण निघून गेलेली असायची. ब्रेक रोज मीच दाबायची. पंधरा दिवसांत मामाजींनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही.

परीक्षेच्या दिवशी घाटातून गाडी मीच नेली. मनात म्हटलं, बुलढाणा मोठं गाव, तिथं यांना कोण ओळखणार? मालक मागे बसले, मामाजींनी स्टेअरिंग हातात घेतलं. पाच मिनिटं इतकी सुरेख गाडी चालली, की मी मनातल्या मनात पहिल्या दिवशीची साडीसुद्धा ठरवली. मग आम्ही कापडाच्या दुकानांच्या रस्त्याला लागलो. दिवस लग्नसराईचे! बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिथं लोटलेला!

"रामराम भाऊ!"

"रामराम, रामराम!"

"भाऊ, पोरगी सुखात हाये बरं!"

"हाव का? बरं झालं बाप्पा!" (दोन्ही हात, मान, डोळे. सगळं रीतसर.)

मागून मालकांचा आवाज आला, "बाई, हे काय चालून राह्यलं?" समोर कडब्यानं लादलेली बैलगाडी संथपणे चालली होती आणि आम्ही तिच्याकडे निघालो होतो.

मालकांनी खरोखरच हात जोडले. "भाऊ, हात जोडतो तुमाले, पुढं पाहा!"

मामाजींना आरशात जोडलेले हात दिसले. "अरे, रामराम साहेब, रामराम!" म्हणत त्यांनीही हात जोडले. मला इतकी लाज वाटली, की मी मागे वळून मालकांना म्हणाले, "सर, माफ करा!" आणि हात जोडले. गाडीत तीन माणसं, सहा हात आणि स्टेअरिंगवर एकही नाही!

पुढे वळून पाहिलं तर काचेत नुसता कडबा! मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी आणखीच मोकळी धावली. पुन्हा दाबला. तो क्लच होता. पास झालेल्या प्रशिक्षक बाईंनी दोन्ही वेळा क्लच दाबला होता!

आणि गाडी थांबली. बॉनेट कडब्याखाली, आत अंधार, उघड्या खिडक्यांतून आमच्या डोक्यांवर काड्या. कोणाला खरचटलंही नाही. मामाजींचा पाय ब्रेकवर रोवलेला होता.

"मामाजी! तुम्ही ब्रेक दाबला?"

"मंग काय करतो?" मामाजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "पंधरा दिवस म्या म्हटलं, सूनबाई हाये ना, आपल्याले काय फिकीर! आज तुह्या पायाकडं पाह्यलं अन् समजलं, आता आपलं आपल्यालेच पाहा लागते."

मालक टोपीतला कडबा झाडत खाली उतरले. मी आशा सोडली होती. डोळ्यांत पाणीच आलं.

"उद्यापासून या बाई," ते म्हणाले.

"सर? पण मी तर..."

"वीस वर्ष झाले, मी लोकाइले ब्रेक शिकवून राह्यलो. शेजारी मास्तर हाये म्हणून कोनी पायच हलवत नाही! तुमच्या भरवशावर मात्र कोनी राहणार नाही."

तेव्हापासून मी त्या क्लासवर आहे. माझ्याकडे आलेली प्रत्येक बाई पहिल्याच दिवशी ब्रेक शिकते. मला काही शिकवावं लागत नाही. मी शेजारी बसून दार लावून घेते, तेवढं पुरतं.