पौषातला पांढरा पडदा

समीक्षा सोनकांबळेनं लॅपटॉप उघडला आणि गुरुपादप्पांना त्यांच्याच मंगल कार्यालयाचा ब्लॉग वाचून दाखवला, तोही आरतीच्या चालीत.

"लातूरमधील सर्वोत्तम मंगल कार्यालय शोधताय? लातूरमधील सर्वोत्तम मंगल कार्यालय म्हणजे शिवगौरी. लातूरमधील सर्वोत्तम मंगल कार्यालयात..."

बुकिंगच्या फोनपाशी बसलेली आप्पांची सून मंजुषा तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आप्पा, ही नामावळी झाली," समीक्षा म्हणाली. "गूगल काही देव न्हाई, नाव जपलं की पावायला."

आप्पांनी कपाळावरच्या भस्माला हात लावला. आधी ब्लॉग लिहिणाऱ्या माणसानं तर गूगलवर वर येण्यासाठी हेच कीवर्ड म्हणून लिहून दिलं होतं.

समीक्षा मूळची लोह्याची. लातूरला खोली घेऊन ती दुकानं, दवाखाने यांच्यासाठी ब्लॉग लिहायची. लेक काय करते असं गावात कुणी विचारलं की तिची आई चांगुणाबाई ऐटीत सांगायची, लोक गूगलला विचारतात ना, तिथं हिचं उत्तर पहिलं येतं. शिवगौरीचं वर्षभराचं काम मात्र अजून हातात यायचं होतं. आप्पांची अट साधी होती. पौषात लग्नं नसतात, कार्यालय ओस पडतं. त्या महिन्यात एक तरी तारीख लागली तर काम तिचं, नाही तर शरणार्थ, म्हणजे लिंगायतांचा रामराम.

तिनं आधी मंजुषाला विचारलं, फोनवर लोक काय काय विचारतात. मंजुषानं आठवून सांगितलं. जेवण, पार्किंग, खोल्या. काही जण विचारतात, पौषात चालू असतं का. आणि तेच लोक पुढं विचारतात, मंचावर मूर्ती ठेवायला जागा हाय का. ती सगळ्यांना पौषात बंद म्हणून सांगायची.

समीक्षा खुर्चीत मागं रेलली. "वहिनी, ते आमचे लोक. आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत, सुट्टी बघतात."

तिनं बौद्ध लग्नाचे शब्द गूगलमध्ये टाकून दाखवले. अर्धं टाकलं की खाली उरलेलं आपोआप येत होतं: बौद्ध विवाह हॉल लातूर. मराठीतही, इंग्रजी अक्षरांतही. विचारणारे इतके, आणि त्यांना नीट उत्तर देणारं पान गावातल्या एकाही कार्यालयाचं नव्हतं. पंगत बसून राहिलीय आन वाढायला कुणी न्हाई, असं ती म्हणाली, तेव्हा आप्पांचे डोळे चमकले.

पण पुढची गोष्ट ऐकून ते ताठ झाले. मंचामागच्या भिंतीवर शिवपार्वतीच्या लग्नाचं मोठं चित्र होतं, आप्पांच्या वडिलांनी उदगीरचा चित्रकार आणून काढून घेतलेलं. त्याच्यापुढं पांढरा पडदा हवा होता, आणि बुद्धमूर्ती व बाबासाहेबांच्या फोटोसाठी टेबल.

"देवाला झाकू म्हणतीस?"

"त्या दिवसापुरता पाहुण्यांचा मान ठेवू म्हणते."

"तू लिही तर. पडद्याचं मागून बघू."

"‘बघू’ला मी ‘हो’ लिहीत न्हाई, आप्पा. माणूस पान वाचून येतो आन इथं तोंडघशी पडतो. मग त्याच्या गावचं दुसरं कुणी ह्या दारात येत न्हाई."

तिनं लॅपटॉप मिटला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. चालीत धाकधूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंजुषानं फोटो पाठवला. मंचावर पांढराशुभ्र पडदा, आणि शिडीवर आप्पा स्वतः. खाली लिहिलं होतं, चित्राला धक्का लागंल म्हणून दुसऱ्या कुणाला चढू दिलं न्हाई.

समीक्षानं लगेच लिहायला घेतलं. मथळाच प्रश्नाचा: पौषात लातूरमध्ये बौद्ध विवाहासाठी हॉल मिळेल का? पहिली ओळ: हो, मिळेल. खाली पडद्याचा फोटो, टेबल, जेवण, येण्याचा रस्ता. आप्पांनी वाचलं आणि आपलं ‘सर्वोत्तम’ कुठं गेलं म्हणून विचारलं. ते जेवून जाणारे म्हणतील, असं तिनं सांगितलं.

मार्गशीर्ष सरत आला. पान गूगलच्या यादीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलं, मग पहिल्यावर चढलं. फोन मात्र येईना. आप्पा नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. समीक्षा रोज संध्याकाळी चक्कर मारायची, आणि एकदा ती समोर असतानाच फोन वाजला. मंजुषानं स्पीकर लावला.

"जय भीम. औशाहून लिंबाजी बोलतो. पोराचं लग्न हाय, तुमचं पान वाचलं. खरंच पडदा लावता का? मागं एका हॉलवाल्यानं हो म्हणून ऐन टायमाला टेबलसुद्धा दिला न्हाई."

मंजुषानं आप्पांकडे बघितलं. समीक्षानं मुद्दाम बघितलं नाही. आप्पांनी फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"शरणु शरणार्थी, लिंबाजीराव. माझ्या हातानं बांधलाय. तारीख मागून सांगा, आधी चहाला या आन बघून जा."

तेवढ्या बोलण्यावर लिंबाजीरावांनी पौषातली तारीख तिथंच ठरवली. आप्पांनी फोन ठेवला आणि मंजुषाला चहा टाकायला सांगितलं, समीक्षाच्या वर्षभराच्या कामाचा.

समीक्षा तोवर पानात नवा मथळा घालत होती, लिंबाजीरावांच्या शब्दांत: खरंच पडदा लावता का? खाली उत्तर लिहिलं: हो. आधी चहाला या आणि बघून जा.